नैराश्यावरील औषधाच्या चाचणीतून ताईला वगळले. हे निकष नेमके कशासाठी असतात?

धाकटा_भाऊ (प्रश्न)

माझी मोठी बहीण तीन वर्षांपासून नैराश्याने आजारी आहे. दोन औषधे बदलून झाली, तिसरे चालू आहे, पण सुधारणा जेमतेमच आहे. काही आठवड्यांपूर्वी एका नव्या औषधाच्या क्लिनिकल ट्रायलसाठी सहभागी हवे असल्याचे तिच्या वाचनात आले आणि तिने स्वतःहून फोन केला. वर्षभर जिला अंथरुणातून उठून दात घासणेही जड जात होते, तिने आपणहून फोन लावावा याचेच आम्हा घरच्यांना केवढे अप्रूप वाटले होते.

फोनवर दहा-बारा मिनिटे प्रश्नोत्तरे झाली आणि मग प्रत्यक्ष बोलावणे आले. त्या दिवशी जवळपास चार तास तिची तपासणी चालली. आधी संमतिपत्राची वीसेक पाने, मग रक्त, लघवी, ईसीजी आणि शेवटी एक लांबलचक मुलाखत. त्या मुलाखतीत तिला विचारण्यात आले की गेल्या सहा महिन्यांत जीव द्यावा असे कधी वाटले का, आणि वाटले असल्यास तो कसा द्यायचा याचाही विचार झाला होता का. ताईने खरे ते सांगितले. चार महिन्यांपूर्वीच्या एका रात्री ती त्या विचाराच्या फार जवळ गेली होती. मुलाखत संपल्यावर तासाभरात तिला कळवण्यात आले की या चाचणीसाठी ती पात्र ठरत नाही. निघताना टेबलावरच्या तिच्या कागदांवर 'स्क्रीन फेल' असे लिहिलेले तिला दिसले. घरी येऊन ती एवढेच म्हणाली, "आजारी असण्यातसुद्धा मी नापास झाले."

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ज्यांचा आजार गंभीर आहे त्यांनाच बाजूला ठेवायचे असेल, तर हे औषध तपासले जाते ते कोणासाठी? दुसरे असे की आमचे एक नातेवाईक म्हणतात, पुढच्या वेळी त्या रात्रीबद्दल बोलूच नये आणि चालू गोळ्याही बंद केल्या आहेत असे सांगावे. मला हे पटत नाही, पण नीट खोडूनही काढता येत नाही. आणि तिसरे, नकाराचा अर्थ तिचा आजार खरा नाही किंवा बरा होण्यासारखा नाही, असा होतो का?

चाचणी_समन्वयक

आपल्या ताईंना त्या दोन शब्दांनी जो घाव बसला त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते, कारण ते शब्द मीही अकरा वर्षे रोज लिहीत आले. 'स्क्रीन फेल' हा आमच्या हिशेबातला शब्द आहे. किती जण तपासणीला आले, किती जणांना घेतले आणि उरलेले कोणत्या निकषावर थांबले, याची नोंद ठेवावी लागते. त्या नोंदीचा हा मथळा आहे आणि तो रुग्णाला दिसेल असा टेबलावर पडू देणे ही सरळसरळ चूक आहे. रुग्ण नापास होत नाही. त्या विशिष्ट चाचणीला जो प्रश्न विचारायचा आहे, त्याचे उत्तर देण्यासाठी त्या व्यक्तीची या घडीची स्थिती जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

निकषांमागचे तर्कशास्त्र सांगते. प्रथम निदान पक्के करावे लागते. ठरावीक क्रमाच्या मुलाखतीतून नऊपैकी किमान पाच लक्षणे सलग दोन आठवडे होती का, आणि त्यांत उदास मन किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक तरी होते का, हे पाहिले जाते. पूर्वी कधी उन्मादाचा झटका येऊन गेला होता का, हे खोदून विचारले जाते, कारण बायपोलर आजारातले, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या आजारातले, नैराश्य वरून सारखेच दिसत असले तरी त्याला नुसते नैराश्यविरोधी औषध दिल्यास मन दुसऱ्या टोकाला जाऊ शकते. थायरॉइडची तपासणी होते, कारण थायरॉइड मंदावल्यानेही हुबेहूब असाच थकवा आणि उदासी येते. दारू, अमली पदार्थ, हृदयाची लय, गर्भारपण या सगळ्यांची चौकशी त्यानंतर होते.

मग येतो गुणांचा उंबरठा. मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० साली मांडलेली सतरा प्रश्नांची श्रेणी किंवा १९७९ सालची माँटगोमरी-ऑसबर्ग श्रेणी वापरून आजाराची तीव्रता मोजतात. हॅमिल्टनमध्ये शून्य ते बावन्न गुण असतात आणि चाचणीत येण्यासाठी त्यांतले, समजा, वीस तरी हवेत अशी अट असते. ही अट ठेवतात कारण सौम्य नैराश्य पुष्कळदा औषधाविनाही ओसरते आणि मग औषध व प्लासिबो, म्हणजे औषधासारखीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, यांतला फरक दिसणे अवघड होते.

याच उंबरठ्याशी घडलेली एक गोष्ट मला आजही बोचते. एका गृहस्थांचे गुण एकोणीस भरले होते. महिना संपत आला होता, आमच्या केंद्राने कबूल केलेली सहभागींची संख्या अजून दूर होती आणि वरून रोज विचारणा होत होती. झोपेच्या प्रश्नावर ते म्हणाले होते, "पंचवीस मिनिटांत लागते हो झोप, फार तर अर्ध्या तासात." अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत असेल तरच त्या ठिकाणी गुण द्यायचा असतो. माझे वरिष्ठ म्हणाले, "परत विचारा. अर्ध्या तासाहून जास्त लागतोच असेल." मी परत विचारले, त्या गृहस्थांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बरं, असेल." त्यांचे वीस गुण झाले आणि त्यांना घेतले. ते खोटे बोलले नव्हते. मी त्यांना हवे त्या उत्तराकडे ढकलले होते.

आज मला कळते की असा एक वाढवलेला गुण कोणाच्याच कामाचा नसतो. उंबरठा ओलांडण्यासाठी फुगवलेले गुण पुढच्या भेटीत आपोआप खाली येतात आणि ते औषधाच्या गटात येतात तसेच प्लासिबोच्या गटातही येतात. दोन्ही गट 'सुधारले' असे दिसते आणि औषधाचा खरा परिणाम त्यात बुडून जातो. म्हणून आता बऱ्याच चाचण्यांमध्ये उंबरठा किती आहे हे मुलाखत घेणाऱ्याला सांगत नाहीत, प्रवेशासाठी एक श्रेणी आणि परिणाम मोजण्यासाठी दुसरी वापरतात, किंवा केंद्राशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून फोनवर स्वतंत्रपणे मुलाखत करून घेतात. आपल्या ताईंची मुलाखत ज्यांनी घेतली त्यांनी खरे उत्तर खरे म्हणून नोंदवले आणि संख्या भरण्यासाठी त्यांना आत ओढले नाही, हे मात्र मी त्यांच्या बाजूने सांगेन.

मनोविकारतज्ज्ञ

सर्वांत आधी एक विचारतो, आणि त्याचे उत्तर येथे देण्याची गरज नाही. त्या रात्रीबद्दल ताईंच्या नेहमीच्या डॉक्टरांना माहीत आहे का? अनेकदा असे होते की जे घरी सांगवत नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही सांगवत नाही, ते अशा चाचणीच्या मुलाखतीत अनोळखी माणसाने थेट विचारल्यामुळे प्रथमच बोलले जाते. असे उत्तर मिळाल्यावर पात्र नाही एवढे सांगून रुग्णाला घरी पाठवणे पुरेसे नाही. तज्ज्ञाने त्याच दिवशी समोर बसून सध्याचा धोका किती आहे ते पाहायला हवे, सोबतच्या माणसाशी बोलायला हवे आणि रुग्णाच्या संमतीने नेहमीच्या डॉक्टरांना कळवायला हवे. हे झाले नसेल तर आपण स्वतः ताईंना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि चाचणीचा विषय त्यानंतर काढा. असे विचार पुन्हा येत असतील तर भेटीच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

आता आपला पहिला प्रश्न. चाचणीत येणाऱ्या व्यक्तीला सहा किंवा आठ आठवडे प्लासिबो मिळण्याची शक्यता असते, आणि खरे औषध मिळाले तरी त्याचा परिणाम अजून अज्ञात असतो. ज्या व्यक्तीचा जीव धोक्यात आहे तिला त्या अनिश्चिततेत ठेवणे नैतिकता समिती सहसा मान्य करत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००४ साली नैराश्यविरोधी औषधांवर मुले व किशोरवयीन यांच्यासाठी आत्मघाती विचारांबाबतचा ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ साली तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठीही वाढवला. तेव्हापासून या प्रश्नाची विचारणा अधिक काटेकोर झाली आहे.

तथापि गंभीर रुग्णांसाठी चाचण्या होतच नाहीत असे नाही. नाकात फवारायच्या एस्केटामिनच्या दोन मोठ्या चाचण्यांमध्ये मुद्दाम अशाच व्यक्तींना घेतले होते, ज्यांच्या मनात त्या वेळी आत्महत्येचे विचार सक्रिय होते. फरक इतकाच की त्यांना सुरुवातीला रुग्णालयात दाखल करून घेतले जात होते आणि प्लासिबोच्या गटातील व्यक्तींनाही नेहमीचे नैराश्यविरोधी औषध पूर्णपणे दिले जात होते. म्हणजे धोका असलेल्या व्यक्तीला घ्यायचे तर चाचणीची रचनाच तिच्याभोवती उभारावी लागते. आपल्या ताईंच्या वाट्याला आलेल्या चाचणीत तशी सोय नव्हती.

नातेवाइकांच्या सल्ल्याबद्दल मला अगदी स्पष्ट लिहायचे आहे. गोळी चालू असताना बंद आहे असे सांगणे धोक्याचे आहे. आधीचे औषध शरीरातून पूर्ण निघून जावे म्हणून मधला काळ कोरडा ठेवतात, त्याला वॉशआउट म्हणतात. बहुतेक औषधांना सुमारे दोन आठवडे पुरतात, पण फ्लुऑक्सेटिन आणि त्यापासून शरीरात तयार होणारा घटक इतका रेंगाळतो की काही औषधांच्या आधी पाच आठवडे थांबावे लागते. दोन औषधे नकळत एकत्र आली तर सेरोटोनिन हे मेंदूतले रसायन प्रमाणाबाहेर वाढून ताप, थरथर, स्नायूंचा ताठरपणा आणि गोंधळलेली शुद्ध अशी अवस्था येऊ शकते, आणि ती प्राणावर बेतू शकते. उलट, चाचणीत जाण्यासाठी चालू गोळी स्वतःच्या मनाने एकदम सोडली तर चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटणे, चिडचिड आणि आजार पुन्हा उसळणे हे सारे संभवते. आत्महत्येचा विचार लपवण्याबद्दल तर काय लिहू? चाचणीतल्या डॉक्टरांना जे माहीत नाही, त्यावर ते लक्ष ठेवू शकत नाहीत. ताईंनी खरे सांगितले, हे त्यांनी स्वतःसाठी केलेले फार मोठे काम आहे, आणि हे त्यांना कोणीतरी त्यांच्या तोंडावर सांगायला हवे.

आठ_आठवडे

मी अशा एका चाचणीत होते, म्हणून आतून काय दिसते ते लिहिते. वॉशआउटचे दिवस मला सर्वांत कठीण गेले. रोज रात्री एका वहीत झोप, भूक, मन यांची नोंद करायची होती, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या अक्षराचा आकारही बदललेला आज त्या पानांवर दिसतो. नंतर दर आठवड्याला भेट असे. एक बाई तासभर समोर बसून मला विचारायच्या की हा आठवडा कसा गेला, आणि मी उत्तर देईपर्यंत थांबायच्या. सहाव्या आठवड्यापर्यंत मला बरेच बरे वाटू लागले होते. चाचणी संपून निकाल खुला झाल्यावर कळले की मी प्लासिबोच्या गटात होते.

मला फसवले गेले असे वाटले का? नाही, कारण संमतिपत्रात ते लिहिलेले होते आणि मी ते वाचले होते. पण वाचलेले आणि मनाने स्वीकारलेले यांत फार अंतर असते. मी सही करताना मनात धरून चालले होते की मला खरेच औषध मिळणार. ताईंना पुढे कधी चाचणीत जायचे असेल तर त्यांनी एवढे स्वतःशी नक्की करावे की तेथे उपचार मिळेलच असे नाही, तेथे प्रामुख्याने एका प्रश्नाचे उत्तर शोधले जाते.

संख्याशास्त्र_विद्यार्थी

वरील अनुभवात जे आले आहे त्याला पॉल अॅपलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली नाव दिले होते, ज्याला मराठीत 'उपचाराचा गैरसमज' म्हणता येईल. संशोधनातला प्रत्येक निर्णय आपल्या भल्यासाठीच घेतला जात आहे, असे सहभागी धरून चालतो, आणि संमतिपत्र कितीही स्पष्ट असले तरी हा समज सहज जात नाही.

मला मात्र समन्वयकांच्या मांडणीत एक भर घालायची आहे, आणि काही अंशी मतभेदही नोंदवायचा आहे. प्रत्येक निकष एकेकटा पाहिला तर योग्यच वाटतो. आत्महत्येचा धोका नको, व्यसन नको, दुसरा मानसिक आजार नको, फार जुना आजार नको, फार नवा नको, गुण कमी नकोत. परंतु हे सगळे एकावर एक रचले की चाळणीतून खाली कोण उतरते, हे पाहायला हवे. प्रत्यक्षात नैराश्याच्या रुग्णांपैकी कितीतरी जणांना सोबत चिंताविकार असतो, काहींना दारूची सवय असते, अनेकांचा आजार वर्षानुवर्षांचा असतो.

याचे उत्तम मोजमाप अमेरिकेतील 'स्टार-डी' या अभ्यासातून मिळाले. त्यात चार हजारांहून अधिक रुग्ण होते आणि त्यांना जाहिरातीतून न बोलावता, जे स्वतः उपचारासाठी दवाखान्यात आले होते त्यांच्यातूनच घेतले होते. निकषही मुद्दाम सैल ठेवले होते. पुढे २००९ साली संशोधकांनी त्याच रुग्णांना नव्या औषधाच्या नेहमीच्या तिसऱ्या टप्प्यातील (मंजुरीपूर्वीच्या मोठ्या) चाचणीचे निकष लावून पाहिले, तेव्हा केवळ २२.२ टक्के रुग्ण पात्र ठरले. या पात्र रुग्णांपैकी ३४.४ टक्के पूर्ण बरे होण्याच्या पातळीला पोहोचले होते, तर अपात्र ठरलेल्यांपैकी २४.७ टक्केच. म्हणजे चाळणीतून उतरणारे रुग्ण औषधाला अधिक चांगला प्रतिसाद देणारे असतात, आणि औषधाच्या माहितीपत्रकावर जो परिणाम छापला जातो तो मुख्यतः त्यांचा असतो. म्हणून धाकट्या भावाचा पहिला प्रश्न मला अगदी रास्त वाटतो आणि तो केवळ धोक्याच्या मुद्द्यावर संपत नाही. ताईंसारख्या व्यक्ती जितक्या वगळल्या जातात, तितके त्यांना पुढे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे ज्ञानही अपुरे राहते.

सहभागी मिळण्याच्या अडचणीबद्दलही एक गोष्ट सांगतो. लुई लझान्या या औषधशास्त्रज्ञांच्या नावाने एक निरीक्षण प्रसिद्ध आहे, की चाचणी सुरू होताच आधी मुबलक वाटणारे रुग्ण एकाएकी दुर्मीळ होतात. निकष जेवढे घट्ट, तेवढी ही टंचाई मोठी, आणि टंचाई जेवढी मोठी, तेवढा पंचवीस मिनिटांचा अर्धा तास करण्याचा मोह मोठा. एकोणीस गुणांच्या त्या गृहस्थांचा प्रसंग मला म्हणूनच एका माणसाच्या चुकीपुरता वाटत नाही. निकष ठरवणारे लोक आणि त्यांत बसणारे सहभागी गोळा करणारे लोक वेगळे असतात, आणि दडपण सगळे या गोळा करणाऱ्यांवर येते.

चाचणी_समन्वयक

हा मतभेद मला मान्य आहे. त्या वरिष्ठांवरही तसेच दडपण होते, हे मी तेव्हा पाहू शकले नाही.

धाकटा_भाऊ

सर्वांची उत्तरे मी ताईला मोठ्याने वाचून दाखवली. मनोविकारतज्ज्ञांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे होते. तिच्या डॉक्टरांना माहीत नव्हते. आम्ही काल जाऊन आलो, आणि मी बाहेर बसलो असताना तिने ते सांगितले. औषधाचा डोस बदलला आहे आणि पुढचा महिनाभर दर आठवड्याला भेट आहे.

आणखी एकच विचारतो. पुढे कधी, तिची प्रकृती परवानगी देईल तेव्हा, तिला पुन्हा प्रयत्न करावासा वाटला, तर पुन्हा तशीच चार तासांची तपासणी आणि तसाच नकार टाळता येईल का?

चाचणी_समन्वयक

बऱ्याच अंशी येईल. चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवह्या असतात. अमेरिकेची नोंदवही २००० सालापासून सर्वांसाठी खुली आहे आणि इतर अनेक देशांतही आता तशा नोंदवह्या आहेत. त्यांत प्रत्येक चाचणीचे समावेशाचे आणि वगळण्याचे निकष लिहिलेले असतात. ते कागदावर उतरवून आधी ताईंच्या डॉक्टरांना दाखवा. 'दोन औषधांनी गुण आलेला नाही' ही अट असलेल्या चाचण्या पाहा, कारण त्या ताईंसारख्यांसाठीच असतात. मात्र आधीची दोन्ही औषधे पुरेशा डोसमध्ये आणि पुरेसे आठवडे घेतली होती याचा पुरावा तेथे मागतात, म्हणून जुन्या चिठ्ठ्या जपून, तारखांनुसार लावून ठेवा.

फोनवर पहिल्याच मिनिटाला विचारा की आत्महत्येच्या विचारांबाबतची अट किती महिन्यांची आहे. ती काही ठिकाणी सहा महिने असते, काही ठिकाणी बारा. चालू औषध थांबवावे लागेल की त्याच्या जोडीने नवे औषध देणार, प्लासिबो मिळण्याची शक्यता किती, मध्येच प्रकृती बिघडली तर रात्री फोन कोणी उचलायचा आणि चाचणी संपल्यावर पुढचा उपचार कोण करणार, हेही विचारा. पात्र ठरल्या नाहीत तर त्याचे कारण नेमक्या शब्दांत सांगा, असे आधीच सांगून ठेवण्याचा ताईंना पूर्ण हक्क आहे. आणि आत आल्यानंतरही, कोणत्याही आठवड्यात, कारण न देता बाहेर पडण्याचा हक्क आहे. या सगळ्या प्रश्नांना जे केंद्र घाईघाईने उत्तरे देईल तेथे जाऊ नका. त्या टेबलावर चार तास बसणाऱ्या व्यक्तीचा तो दिवस कसा असतो, हे मी फार उशिरा समजून घेतले.